ग्रांव्हिलचे प्राणी: आधी नुसतं डोकं, मग शेपटीसकट. असं का झालं?

तिरकीरेघ
फ्रेंच व्यंगचित्रकार ग्रांव्हिलची (१८०३-१८४७) चित्रं इथे बऱ्याच जणांनी पाहिली असतील. कोट घातलेला कोल्हा, शाल पांघरलेली मांजर वगैरे. खरं नाव झां-इन्यास-इझिदोर जेरार, गाव नान्सी. आजी-आजोबा नाटकवाले, त्यांचं रंगमंचावरचं नाव त्याने उचललं. ओळख एवढी पुरे, प्रश्न वेगळा आहे.

त्याचे दोन संच शेजारी ठेवून बघा. पहिला 'ले मेतामॉर्फोज द्यु जूर', १८२८-२९ चा. सत्तरेक चित्रं, शिळाछाप, वरून हाताने रंगवलेली. याला 'रूपांतरं' म्हणू. दुसरा 'प्राण्यांचं खाजगी आणि सार्वजनिक जीवन'. हा लाकडी ठोकळे कोरून छापलेला, १८४० ते ४२ मध्ये सुट्या भागांतून निघाला आणि मग दोन खंडांत बांधला गेला. प्रकाशक एत्झेल, तोच पुढे ज्यूल व्हर्नला छापणारा. याला 'जीवन' म्हणू.

'रूपांतरं'मध्ये कॉलरच्या वर प्राणी आणि कॉलरच्या खाली चक्क माणूस. पाच बोटांचे हात, हातमोजे, बूट, कमरेचा बाक, सगळं माणसाचं. 'जीवन'मध्ये मात्र बाहीतून पंजा बाहेर येतो, कोटाखालून शेपूट डोकावते, पक्ष्याला पंख असतात, किड्याला किड्याचेच पाय. अपवाद दोन्हीकडे सापडतील, पण कल स्पष्ट आहे.

माझं मत: हा फरक तंत्राचा आहे. दगडावर तेलकट खडूने मऊ छटा मिळते, त्यात कापड आणि मांसल देह छान उतरतो. लाकडावर सगळं रेघेत सांगावं लागतं. लव, पिसं, खवले ही निसर्गानेच काढलेली रेघ. तेव्हा लाकडावर आल्यावर त्याने अख्खा प्राणी घेतला. चूक असेल तर दाखवा.

नाकतोडा
शीर्षक वाचून वाटलं राजकारणाचा धागा आहे. डोकं जनावराचं आणि अंगात कडक इस्त्रीचा कोट म्हटल्यावर दुसरं काय वाटणार!

घाटमाथा
नाकतोडा गमतीत बोलले, पण उत्तर तिथेच आहे. तंत्र-बिंत्र नंतर. आधी कायदा बघा.

१८३० च्या जुलैत फ्रान्समध्ये क्रांती झाली, लूई-फिलिप गादीवर आला आणि नव्या सनदेत लिहिलं गेलं की सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणली जाणार नाही. त्याच वर्षी प्रकाशक फिलिपाँने 'ला कारिकात्युर' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं, १८३२ मध्ये 'ल शारिव्हारी' हे दैनिक. ग्रांव्हिल आणि दुसरा व्यंगचित्रकार दोमिए दोघेही तिथे चित्रं काढत होते. राजाचं डोकं नासपतीच्या आकाराचं काढल्याबद्दल फिलिपाँवर खटला झाला (नोव्हेंबर १८३१). राजाला गार्गांत्युआ राक्षस केल्याबद्दल दोमिए तुरुंगात गेला. ग्रांव्हिलच्या घरीही पोलिसांच्या खेपा सुरू झाल्या, आणि त्यावर त्याने जे चित्र काढलं त्याचं नाव 'ओ! ले व्हिलेन मुश!!', म्हणजे 'शी, काय घाणेरड्या माश्या!' चित्रात चित्रकार खिडकीत उभा आणि सभोवती पोलिसी तोंडाच्या माश्यांचं मोहोळ. फ्रेंचमध्ये 'मुश' म्हणजे माशी आणि बोलीत पोलिसांचा खबऱ्या. माशीला टोपी घातली की काम झालं.

मग २८ जुलै १८३५ ला फिएस्कीने राजावर हल्ला केला आणि सप्टेंबरमध्ये कायदे आले. त्यात प्रत्येक चित्राला छापण्याआधी परवानगी लागू झाली. युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: सनद मतांना संरक्षण देते, पण चित्र हे मत नव्हे, कृती आहे. लेखाला पूर्वपरवानगी नको, चित्राला हवी. 'ला कारिकात्युर' तर कायदा येण्याआधीच, ऑगस्टअखेर बंद पडलं.

तेव्हा १८४० मध्ये अख्खा प्राणी काढणं म्हणजे अंग चोरणं. मंत्र्याचं पोट, मंत्र्याची चाल दिसली की मंत्री ओळखू येतो. अस्सल पाणकोंबडी काढली तर कोण कोणावर खटला भरणार?

तिरकीरेघ
घाटमाथा, हे पटण्यासारखं आहे. पण मग 'जीवन'मध्ये खिल्ली कोणाची? मंत्री तर फारसे दिसत नाहीत.

घाटमाथा
धंद्यांची. डॉक्टर, वकील, घरमालक, प्राध्यापक, नट्या, पत्रकार. नावाचा माणूस गेला, नमुना आला.

मांजरपाट
माशीवरून आठवलं. ही चित्रं आपल्याला अर्धीच कळतात, कारण निम्मे विनोद फ्रेंच बोलीत आहेत. डोळ्यासमोर ठेवावेत असे काही:

'लिओं' म्हणजे सिंह, पण १८४० च्या पॅरिसात लिओं म्हणजे नटूनथटून बुलेव्हारवर फिरणारा छानछोकी तरुण. 'जीवन'मध्ये कादंबरीकार बाल्झाकची आफ्रिकेच्या सिंहाने पॅरिसला भेट दिल्याची गोष्ट आहे, ती सगळी या एका शब्दावर उभी आहे. खरा सिंह येतो आणि पॅरिसचे सिंह बघून चक्रावतो.

'व्होतूर' म्हणजे गिधाड. मस्यू व्होतूर म्हणजे भाड्यासाठी गळा धरणारा घरमालक.

'लू-सेर्व्हिए' म्हणजे लिंक्स मांजर, म्हणजेच शेअरबाजारातला निर्दय सावकार.

'रा' म्हणजे उंदीर, आणि ऑपेरात नाच शिकणाऱ्या पोरी.

'कानार' म्हणजे बदक, आणि वर्तमानपत्री थाप.

ग्रांव्हिल यातला शब्द सांगत नाही, फक्त प्राणी काढतो. वाचणाऱ्याने मनात शब्द उच्चारला की चित्र फुटतं. मराठीत हेच करायचं तर गिधाडाऐवजी दुसरं काहीतरी शोधावं लागेल. आपल्याकडे बगळा तयार आहे, एका पायावर उभा राहून ध्यान करणारा. सरडाही तयार आहे. पण 'उंदीर' म्हटल्यावर मराठी माणसाला नर्तकी दिसणार नाही, गणपतीच दिसेल.

बोरूबहाद्दर
यात छापखान्याचीच भर घालतो. फ्रेंच छापखान्यात दाबयंत्र ओढणाऱ्याला 'उर्स' (अस्वल) म्हणत, कारण तो शाईच्या फळीपासून यंत्रापर्यंत जडशीळ येरझाऱ्या घालायचा. अक्षरांचे खिळे जुळवणारा तो 'सँझ' (माकड), कारण त्याचे हात सतत खणाखणांतून उड्या मारायचे. म्हणजे हे प्राणी छापणारेही प्राणीच.

नाकतोडा
आणि प्रूफं तपासणारा?

बोरूबहाद्दर
नाकतोडा असावा. सगळं झाल्यावर येतो आणि टोचतो.

ठसेवाला
मूळ मुद्द्यावर येतो. तिरकीरेघ, तुमचं तंत्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आधी कृती नीट मांडतो, मग कुठे अडतं ते.

शिळाछाप. बव्हेरियातल्या सोलनहोफनचा चुनखडीचा दगड घासून दाणेदार करतात. त्यावर तेलकट खडूने थेट चित्र, अर्थात उलटं. मग गोंदाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून फिरवतात. त्यामुळे कोरी जागा पाणी धरते आणि खडूची जागा शाई. दगड ओला करून तेलकट शाईचा रोलर फिरवला की फक्त खडूवर शाई बसते. यात मध्ये कोरणारा माणूस नाही. ग्रांव्हिलच्या बोटाचा दाब होता तसा कागदावर येतो.

लाकूड. बॉक्सवुड घेतात, पण फळीसारखं उभं चिरत नाहीत. ओंडक्याच्या तोंडाकडचा आडवा काप घेतात, म्हणजे तंतू उभे राहतात आणि कोरणी कुठल्याही दिशेला सारखी चालते. हे तंत्र इंग्लंडात बविकने रूढ केलं आणि चार्ल्स थॉम्प्सन नावाच्या इंग्रज कोरक्याने १८१७ च्या सुमारास पॅरिसात नेलं. बॉक्सवुडचं खोड बारीक असतं, त्यामुळे पानभर ठोकळा हवा तर लहान तुकडे चिकटवून किंवा बोल्टने आवळून जोडावे लागतात. ठोकळ्याची उंची बरोबर खिळ्याच्या उंचीएवढी, फ्रान्समध्ये साधारण साडेतेवीस मिलिमीटर. वरून पांढऱ्या रंगाचा पातळ हात, त्यावर पेन्सिलीने उलटं चित्र. मग कोरक्या ब्युरीनने (टोकदार कोरणीने) पांढरं राहायचं तेवढं काढून टाकतो आणि रेघ उभी ठेवतो.

आता दोन्हींतला खरा फरक. लाकडी ठोकळा खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यात (छपाईच्या चौकटीत) बसतो, मजकूर आणि चित्र एका दाबात छापून होतं. दगडाला वेगळं यंत्र, वेगळा कागद, वेगळा छापणारा. म्हणून 'रूपांतरं' हा सुट्या चित्रांचा संच आहे आणि 'जीवन' हे पुस्तक आहे. खडूची शिळा काही हजार प्रतींत मळून जाते, ठोकळा त्याच्या कितीतरी पट टिकतो. शिवाय त्याचा साचा काढून धातूचा ठसा ओतला की मूळ लाकूड कपाटात सुरक्षित.

अडतं इथे: लाकडावर ग्रांव्हिल स्वतः कोरत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात दुसऱ्याची सही असते. ब्रेव्हिएर असेल, किंवा आंद्र्यू-बेस्त-लल्वार ही कंपनी. म्हणजे तुम्ही ज्याला ग्रांव्हिलची रेघ म्हणता ती कोरक्याची रेघ आहे. लवीची दिशा ग्रांव्हिलची, पण एका इंचात किती रेघा बसवायच्या हे कोरक्या ठरवतो.

शाईची दौत
ठसेवाला, फार छान. थोडं चित्र काढणाऱ्याच्या बाजूने बोलते, कारण 'डोकं की अख्खा प्राणी' हा आधी सांध्याचा प्रश्न आहे.

प्राण्याचं डोकं माणसाच्या खांद्यावर बसवताना तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला, मान. कुत्र्याची मान पुढे झुकलेली, माणसाची सरळ वर. नुसतं डोकं ठेवलं तर मुखवटा वाटतो. उपाय १८२९ च्या फॅशनने आयता दिला होता: कानापर्यंत येणारी उंच कॉलर आणि वर गुंडाळलेला क्राव्हात, म्हणजे गळपट्टा. सांधा कापडात गडप. बायकांना झालर किंवा शाल. 'रूपांतरं'मध्ये उघडी मान शोधून दाखवा, फारशी सापडणार नाही. कुठलंही चित्र घेऊन नजर हनुवटीपासून खाली आणा. मिशा संपतात, क्राव्हातची पहिली घडी लवीत रुतलेली असते, दुसरी घडी जरा सैल, तिसरी थेट वेस्टकोटात. मांजर कुठे संपली आणि साहेब कुठे सुरू झाले ते कळत नाही. ही तीन घड्यांची हातचलाखी आहे.

दुसरा, डोळे. ससा, घोडा, पक्षी यांचे डोळे बाजूला असतात. समोरून काढलं तर नजर मिळत नाही, आणि नजर नाही म्हणजे भाव नाही. तो बहुधा डोकं पाऊण फिरवतो आणि जवळचा डोळा किंचित पुढे ओढतो. पापणी मात्र माणसाची देतो. सगळं कपट त्या पापणीत आहे.

तिसरा, मागचा पाय. लोक म्हणतात प्राण्याचा गुडघा उलटा वाकतो. तो गुडघा नव्हेच, टाच आहे. गुडघा वर पोटाजवळ लपलेला असतो. पँट घालायची तर पँटीत टाच मावत नाही, नळी मागे फुगते. म्हणून अख्खा प्राणी कपड्यात उभा करायचा तर लांब कोट, झगा किंवा गाऊन लागतो.

किडे सगळ्यात सोपे, कारण भुंगेऱ्याच्या पाठीवरची टणक पंखझाकणं ही जन्मजात टेलकोटच आहेत. मासा सगळ्यात वाईट. मानच नाही. कॉलर कल्ल्यांच्या रेषेवर चढवावी लागते.

प्रमाण: माणसाचं शरीर साडेसात डोक्यांचं धरून चाललं तर प्राण्याचं डोकं टाचणीएवढं दिसतं. पाच-साडेपाच डोक्यांवर आणा, हात नेहमीपेक्षा किंचित लहान ठेवा. डोकं मोठं आणि हातही मोठे झाले की थेट बालवाडीच्या भिंतीवरचं चित्र होतं.

मांजरपाट
'तीन घड्यांची हातचलाखी' वाचून पुन्हा चित्रं उघडली. खरंच की!

जुनाबाजार
अवांतर विचारतो, माफ करा. ऑनलाइन ग्रांव्हिलची 'मूळ' चित्रं सुटी विकायला असतात, रंगीत. मूळ आहेत की नाही कसं ओळखायचं? दहा पट भिंग आहे.

ठसेवाला
दहा पट पुरतं. क्रमाने बघा.

ठिपके एका ओळीत, ठरावीक अंतरावर, रंगांची फुलं झालेली: यंत्राची अलीकडची छपाई. सोडून द्या.

ठिपके वेडेवाकडे, दगडाच्या दाण्यासारखे, काळ्या भागात दाट होत गेलेले: शिळाछाप. 'रूपांतरं'ची मूळ छपाई अशी दिसायला हवी. खाली बुला या प्रकाशकाचं आणि लांग्ल्युमे या छापणाऱ्याचं नाव असतं.

ठिपके नाहीतच, सगळ्या रेघा, रेघेच्या कडेला शाईची गडद किनार, आणि कागद उलटा करून तिरक्या उजेडात धरला तर मागे हलके उठाव: लाकडी ठोकळा.

आता सापळा. 'रूपांतरं'ची दुसरी आवृत्ती १८५४ मध्ये हाव्हार या प्रकाशकाने काढली. त्यात तीच चित्रं लाकडावर नव्याने कोरून हाताने रंगवली आहेत. ग्रांव्हिल १८४७ मध्येच वारला होता. ती जुनी आहेत, सुंदर आहेत, पण १८२९ ची नाहीत. विकणारे दोन्हींना 'मूळ मेतामॉर्फोज' म्हणतात. भिंगाने अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

दुसरा सापळा रंगाचा. 'जीवन' साधारणपणे काळ्या शाईतच निघालं. त्याची भडक रंगीत सुटी पानं दिसली तर रंग पुष्कळदा नंतर कोणीतरी विक्रीसाठी भरलेला असतो. जुन्या हातरंगात रंग रेघेबाहेर सांडलेला, फिकट, कुठे गोंदाची चकाकी असलेला दिसतो. गुलाबी आणि हिरवा कालच भरल्यासारखे तजेलदार असतील तर शंका घ्या.

आणि १८६७ ची एत्झेलचीच एका खंडातली आवृत्ती आहे. ठसे तेच, पण झिजलेले. बारीक समांतर रेघा मिळून काळा डाग झालेला दिसतो, विशेषतः कोटाच्या सावलीत.

जुनाबाजार
आभारी आहे. आणि तपकिरी ठिपके पडले असतील तर?

ठसेवाला
बुरशी किंवा कागदातलं लोह, कधी दोन्ही. घरी ब्लीच अजिबात लावू नका. ठिपका जातो आणि वर्षभरात कागद पिवळा होऊन कडेने तुकडे पडतात. हातरंग असेल तर पाणीही नको, गोंदातला रंग लगेच सुटतो. आम्लमुक्त पुठ्ठ्यात ठेवा, वर चिकटपट्टी लावू नका, बिजागरीला जपानी कागद आणि गव्हाच्या खळीची पेज. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, भिंत आतून घाम धरते.

विष्णुशर्म्याचा विद्यार्थी
सगळे १८२९ आणि १८४२ धरून बसलेत, मधलं १८३८ राहिलं. त्या वर्षी ग्रांव्हिलची ला फाँतेनच्या नीतिकथांची आवृत्ती आली, तीही लाकडी ठोकळ्यांवर. आणि ला फाँतेनने १६७८ च्या दुसऱ्या संग्रहाच्या सुरुवातीला स्वतःच लिहून ठेवलंय की यातल्या बऱ्याचशा कथांसाठी मी पिलपे नावाच्या भारतीय ज्ञान्याचा ऋणी आहे. पिलपे म्हणजे बिदपाई, म्हणजे पंचतंत्र पहलवी, अरबी, फारसी करत फ्रेंचमध्ये पोचलेलं. करटक-दमनकाचे कलिला-दिमना झाले ते याच वाटेवर.

त्याहून मजेदार म्हणजे ग्रांव्हिल पॅरिसात ही चित्रं काढत असताना लाहोरात इमाम बख्श लाहोरी हा चित्रकार त्याच ला फाँतेनची लघुचित्रं रंगवत होता, १८३७ ते १८३९. फय्ये द काँश नावाच्या फ्रेंच संग्राहकाने रणजितसिंहांच्या दरबारातल्या फ्रेंच सेनानींमार्फत ते काम दिलं होतं. चित्रं आज शातो-तिएरीच्या ला फाँतेन संग्रहालयात आहेत. एकाच कथेची दोन चित्रं, एक लाहोरचं, एक पॅरिसचं. लाहोरी प्राणी अंगावर एक धागा न घालता मोकळ्या माळावर बोलतात. ग्रांव्हिलच्या सिंहाला राजा दाखवायचं तर काहीतरी चढवावं लागतं.

घाटमाथा
सुंदर माहिती. आपल्याकडे बापू छत्र्यांची इसपनीती १८२८ ची, म्हणजे 'रूपांतरं' निघायला लागली तेच वर्ष. अर्थात एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तारीख जुळली इतकंच.

संबंध हवा असेल तर 'ल शारिव्हारी'चा घ्या. १८४१ मध्ये लंडनचं 'पंच' हे विनोदी साप्ताहिक निघालं ते 'द लंडन शारिव्हारी' अशी जोडओळ लावून, आणि 'पंच'चं नाव घेऊन पुढे ठाण्याचं 'हिंदू पंच'.

ल्योंकर
उशिरा आले. वर सगळं उत्तम चाललंय, पण दोन्ही मुख्य उत्तरं चुकीची आहेत असं मला वाटतं. :)

घाटमाथा यांचा कायदा. चित्रांवरची पूर्वपरवानगी १८३५ मध्ये जन्मली नाही, परत आली. १८२० ते १८३० या दशकातही फ्रान्समध्ये चित्र छापण्याआधी परवानगी लागतच होती. म्हणजे 'रूपांतरं' (१८२८-२९) सेन्सॉरखाली निघाली आणि 'जीवन' (१८४०-४२) हेही सेन्सॉरखालीच. मोकळीक फक्त १८३० ते ३५. कायदा दोन्हीकडे सारखा असेल तर त्याने फरक कसा समजावणार? आणि मोकळ्या पाच वर्षांत ग्रांव्हिल काय करतो ते बघा. १८३० चं 'लेझोंब्र पोर्ते' घ्या, पडलेल्या सावल्या. रस्त्यावरची माणसं साधी माणसंच आहेत, मागच्या भिंतीवर पडलेल्या सावल्या त्यांची खरी जात सांगतात. म्हणजे मोकळीक मिळाली तेव्हा त्याने प्राणी अंगावरून काढून सावलीत टाकला.

तिरकीरेघ यांचं तंत्र. ठसेवाला यांनी त्याचा निकाल नकळत लावून ठेवलाय. १८५४ ची हाव्हार आवृत्ती लाकडावर कोरलेली आहे ना? मग त्यात काय झालं? तीच प्राण्यांची डोकी, तीच माणसांची शरीरं, तेच पाच बोटांचे हात. लाकडावर ते व्यवस्थित जमलं. म्हणजे लाकूड अडवत नव्हतं.

तिरकीरेघ
आई गं. हे लक्षातच आलं नाही. ठसेवाला, तुम्ही काही बोला.

ठसेवाला
बोलण्यासारखं नाही. भिंग माझं, पुरावा त्यांचा. एवढंच म्हणेन की १८५४ मध्ये कोरक्यांपुढे तयार चित्र होतं, त्यांनी नक्कल केली. नव्याने रचना करताना लाकूड काय सुचवतं हा मुद्दा थोडा शिल्लक राहतो. थोडाच.

शाईची दौत
मग ल्योंकरताई, तुमचं उत्तर काय?

ल्योंकर
'जीवन'ची पहिली गोष्ट वाचा. रात्री पॅरिसच्या जार्दँ दे प्लांतमध्ये, म्हणजे जिथे प्राणिसंग्रहालय होतं तिथे, प्राण्यांची सभा भरते. भाषणं होतात, गोंधळ होतो, आणि ठरतं की आजवर माणसांनी आमच्याबद्दल लिहिलं, आता आम्हीच आमचं लिहू. सगळ्या ग्रंथाची चौकट ही आहे. त्याच काळात क्युर्मेर या प्रकाशकाचं फ्रेंचांनीच रंगवलेल्या फ्रेंचांचं मोठं सचित्र प्रकाशन चालू होतं, ही त्याची टवाळी.

म्हणजे 'रूपांतरं'मध्ये बोलणारा माणूस आहे. माणसाकडे बघून तो म्हणतो, हा बघा लांडगा. तिथे शरीर माणसाचंच हवं, कारण उघडं पडतंय ते माणसाचं. 'जीवन'मध्ये बोलणारा प्राणी आहे. ससा 'मी' म्हणून सांगतो, इंग्लिश मांजर 'मी' म्हणून सांगते. सशाने 'मी' म्हणायचं आणि चित्रात पाच बोटं? गोष्टच कोसळेल.

आणि विषयही बदलला. बाल्झाकची 'गीद-आन' ही गोष्ट घ्या, मोठं व्हायची इच्छा असलेल्या प्राण्यांसाठी गाढवमार्गदर्शक. एका गाढवाला रंगवून झेब्र्यासारखं करतात, वेगळी चाल शिकवतात आणि शास्त्रज्ञांपुढे नवी जात म्हणून सादर करतात. शास्त्रज्ञ दोन तटांत भांडतात. १८३० मध्ये क्युव्हिए आणि झोफ्रवा सँ-तिलेर या प्राणिशास्त्रज्ञांचा शास्त्र अकादमीत जाहीर वाद झाला होता, ही त्याची खिल्ली. हाच झोफ्रवा १८२७ मध्ये मिसरहून आलेल्या जिराफाबरोबर मार्सेय ते पॅरिस चालत गेला होता, जवळजवळ नऊशे किलोमीटर. त्या गोष्टीत गाढव गाढवासारखं दिसलं नाही तर मजा काय? पट्टे रंगवायला गाढवाचीच पाठ लागते.

मांजरपाट
हे ऐकून कवी म्युसेचा पांढरा कस्तूर पक्षी आठवला. 'जीवन'मधलीच गोष्ट. सगळे कस्तूर काळे, हा पांढरा, म्हणून आईबापांनी टाकलेला आणि शेवटी नावाजलेला कवी. त्याला तशीच पांढरी बायको मिळते, तीही लेखिका. एकदा त्याचे अश्रू तिच्या पिसांवर पडतात आणि पीठ-खळ विरघळून खालचा तांबूस रंग बाहेर येतो. लोकांनी लगेच म्युसेची जुनी प्रेयसी, लेखिका झोर्झ सांद हिच्याकडे बोट दाखवलं. आणि सांदचं नाव त्याच ग्रंथात आहे, उत्तम राज्यपद्धती शोधायला निघालेल्या पॅरिसच्या चिमणीच्या गोष्टीखाली. ती गोष्ट मुळात बाल्झाकने लिहिलेली. एत्झेलला काय एकेक पक्षी सांभाळावे लागत असतील!

पण मुद्दा हा की पिसं विरघळायची तर पिसं लागतात. ल्योंकर, पटलं.

घाटमाथा
मी हार मानतो, पण निम्मी. कायदा दोन्हीकडे सारखा, मान्य. पण १८३० ते ३५ मध्ये एकदा तोंड उघडून झालेला माणूस १८४० मध्ये गप्प बसतो ते वेगळं गप्प बसणं असतं. नावाचे मंत्री गेले आणि धंदे आले, याला कायदाच कारण.

ल्योंकर
त्यावर वाद नाही. कोणाची खिल्ली हे कायद्याने ठरवलं. पंजा की बोटं हे मात्र नाही.

शाईची दौत
एक शंका राहते. 'जीवन'मध्येही डॉक्टर प्राणी, कोर्टातले प्राणी पुष्कळदा माणसासारखेच उभे आहेत, हातात छडी, नाकावर चश्मा. 'मी' सांगणाऱ्याला पंजा आणि धंदा करणाऱ्याला हात, अशी काही वाटणी आहे का? छडी धरायला अंगठा लागतो. हातात वस्तू आहे ती चित्रं एकीकडे आणि रिकाम्या हातांची दुसरीकडे लावून बघायला हवं.

तिरकीरेघ
दोनशेच्या आसपास पानभर चित्रं आहेत. तुम्ही पहिला खंड घ्या, मी दुसरा. रकाने तीन ठेवू: हातात काय आहे, बोटं किती, आणि मजकुरात 'मी' कोण. अपवाद इथेच टाकू. तोवर माझी तंत्राची उपपत्ती मागे घेतो.

नाकतोडा
बोटं मोजताना माझी सहा धरा.

शाईची दौत
सहा पाय. बोटं नाहीत तुम्हाला.